बेसमेंट राहतं करताना : आधी पाणी, मग वाट, भिंती सगळ्यात शेवटी

बेसमेंट करून घ्यायचंय म्हणून कुणी बघायला बोलावलं की प्रसंग ठरलेला असतो. यजमान जिना उतरता उतरताच हात पसरून सांगायला लागतात : इथे मोठा टीव्ही, तिकडे कॅरोकी, त्या कोपऱ्यात आईबाबांची खोली, आणि इथे गणपती. मी मात्र वाकून भिंतीचा तळ बघत असतो. तिथे मीठ फुटल्यासारखी पांढरी भुकटी दिसली, तर टीव्हीचा विषय निदान सहा महिने पुढे गेला असं समजायचं.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. आमच्या न्यू जर्सीतल्या घराचं बेसमेंट पहिल्यांदा केलं तेव्हा काँक्रीटला लगटून लाकडी स्टड (भिंतीच्या सांगाड्याचे उभे खांब), त्यात गुलाबी फायबरग्लास (उष्णता अडवणारा कापूस), वर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर ड्रायवॉल (भिंतीचे जिप्समचे तक्ते) असा थाट होता. दिसायला झकास. तिसऱ्या वर्षी मखराचं खोकं काढायला कपाट सरकवलं, तर मागच्या बेसबोर्डवर (भिंतीच्या तळाच्या पट्टीवर) काळे ठिपके. बेसबोर्ड उचकटला आणि ड्रायवॉलचा तळ चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा हातात आला. पाइप फुटलेला नव्हता, पावसाचं पाणीही आलेलं नव्हतं. हवेतलीच वाफ भिंतीमागच्या थंड काँक्रीटवर बसत होती, आणि मी तिला बाहेर पडायची वाट ठेवली नव्हती. सगळं तोडलं, पुन्हा केलं. खालचा क्रम त्या दुसऱ्या खेपेचा आहे.

एक खुलासा. इथले आकडे इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडचे आहेत, अमेरिकेतली बहुतेक राज्यं तोच पाया धरतात. पण प्रत्येक राज्य आणि टाउनशिप (गावची पालिका) त्यात आपापले बदल करते, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या बिल्डिंग खात्याचा. कॅनडातल्या मंडळींनी क्रम घ्यावा, आकडे तिथल्या नियमांतून घ्यावेत.

टप्पा १ : ओल कुठून येते ते आधी ठरवा

सर्वाधिक पैसे इथल्या घाईने बुडतात. बेसमेंटमधली ओल दोन प्रकारची असते आणि दोघींचे उपाय वेगळे. एक बाहेरून येते, म्हणजे जमिनीतलं पाणी भिंतीतून किंवा फरशीतून झिरपतं. दुसरी आतलीच : उन्हाळ्यातली दमट हवा खाली उतरते, थंड काँक्रीटला लागते आणि गार पाण्याच्या तांब्याला घाम फुटावा तसं भिंतीला पाणी सुटतं.

ओळखायची युक्ती सोपी आहे. दीड फूट बाय दीड फुटाचा जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या आणि चारही कडांना टेप लावून फरशीवर हवाबंद चिकटवा. दुसरा तसाच भिंतीवर, जमिनीजवळ. एक-दोन दिवस राहू द्या. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला असतील तर ओल काँक्रीटमधून येतेय. वरच्या बाजूला असतील तर ती खोलीतल्या हवेची. हा प्रयोग एकदा वसंतात, बर्फ वितळून जमीन तुडुंब असते तेव्हा करा, आणि एकदा जुलै-ऑगस्टमध्ये. एकाच कोरड्या ऑक्टोबरमध्ये बघून ‘आमचं बेसमेंट एकदम ड्राय आहे’ म्हणणारे मला दरवर्षी भेटतात.

बाकीच्या खुणाही बघा. पांढरी भुकटी म्हणजे भिंतीतून पाणी येऊन सुकलं आणि क्षार मागे राहिले. लोखंडी खांबांच्या पायाशी गंज चढलाय का? फर्नेसच्या (घर तापवणाऱ्या यंत्राच्या) तळाशी जुन्या पाण्याची रेघ आहे का? आधीच्या मालकाने फक्त एकाच भिंतीला ताजा रंग दिलाय का? शेवटची खूण मी सगळ्यात गंभीर मानतो.

मग छत्री घेऊन भर पावसात घराभोवती एक फेरी मारा. निम्म्या घरांचा आजार बाहेरच सापडतो. छपराचं गटर पानांनी तुंबलेलं असतं, किंवा त्यातलं पाणी खाली आणणाऱ्या डाउनस्पाउटचं तोंड थेट पायाशी उघडत असतं. ते पाच-सहा फूट तरी लांब न्या. घरालगतच्या मातीचा उतार घरापासून दूर हवा, पहिल्या १० फुटांत ६ इंच. वर्षानुवर्षं मल्च (झाडांभोवतीचा लाकडाचा भुसा) टाकून टाकून हा उतार उलटा झालेला असतो. चार गाड्या माती आणि दोन प्लास्टिकचे पाइप एवढ्यात जे काम होतं, त्यासाठी लोक आतून हजारो डॉलरची ड्रेन बसवून घेतात.

बाहेरचं सगळं नीट करूनही पाणी येत असेल, तरच आतली ड्रेन आणि संप पंप, म्हणजे फरशीतल्या खड्ड्यात जमलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप. पंप आधीपासून असेल तर बादलीभर पाणी खड्ड्यात ओता. फ्लोट वर उचलला जातो का, पंप लागतो का, पाणी बाहेर नक्की कुठे पडतं, हे तिन्ही बघा. बॅटरीवर चालणारा दुसरा पंप जोडीला हवाच, कारण पंपाची खरी गरज असते त्याच वादळात वीज जाते. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या उरल्यासुरल्या पावसाने न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये काय केलं ते इकडच्या लोकांना सांगायला नको. त्या रात्री न्यूयॉर्क शहरात गेलेल्या बहुतेकांचा मृत्यू बेसमेंटमधल्या घरांत झाला.

थांबा : आतून लावायचा वॉटरप्रूफ रंग हा उपाय नव्हे. बाहेरून पाण्याचा दाब असेल तर तो रंग पापुद्रे धरून सुटतो.

थांबा : भिंतीतली केसासारखी उभी भेग बहुधा काँक्रीट सुकतानाची असते, ती इंजेक्शनने भरता येते. आडवी भेग असेल किंवा भिंत आत फुगलेली दिसत असेल, तर मातीचा दाब भिंतीला ढकलतोय. तिथे कॉन्ट्रॅक्टर नको, स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवा, आणि तो येईपर्यंत बाकी काही करू नका.

याच टप्प्यात विम्याचा कागद काढून वाचा. नेहमीच्या घरविम्यात पूर धरलेला नसतो, त्याची पॉलिसी वेगळी. संप पंप बंद पडून किंवा गटार उलटं येऊन झालेल्या नुकसानीसाठीही वेगळी पुरवणी जोडावी लागते.

टप्पा २ : रेडॉन

ह्या टप्प्याला वेळ फार लागत नाही, तरी लोक तो हमखास विसरतात. रेडॉन हा जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू. वास नाही, रंग नाही, आणि अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल त्याचा नंबर लागतो. टेस्ट किट स्वस्त असतो. टेस्टच्या १२ तास आधीपासून ती संपेपर्यंत खिडक्या-दारं बंद ठेवायची. आकडा ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा त्याच्या वर आला तर उपाय करा, असं पर्यावरण खातं सांगतं. २ ते ४ च्या मध्ये असेल तरी विचार करा म्हणतं.

उपाय म्हणजे फरशीला भोक पाडून खालची हवा पंख्याने पाइपमधून छपरावर सोडायची. फरशी उघडी असताना हे एका दिवसाचं काम आहे. नंतर केलंत तर तोच पांढरा पाइप तुमच्या नव्या होम थिएटरच्या मधून जातो.

टप्पा ३ : उंची आणि बाहेर पडायची वाट मोजा

राहत्या खोलीची उंची किमान ७ फूट हवी. तुळई किंवा डक्टखाली ६ फूट ४ इंच चालतात, बाथरूमला ६ फूट ८ इंच. मोजताना सगळे आजची फरशी ते आजचा जॉइस्ट (वरचा मजला पेलणारं आडवं लाकूड) असं मोजतात. खालचा सबफ्लोर (काँक्रीटवरचा तळथर) आणि वरची फरशी मिळून इंच-दीड इंच खातात. ड्रॉप सीलिंग (टांगलेलं टाइलचं छत) तीन-चार इंच खातं. ते वजा करून जे उरेल ती तुमची उंची.

आता वाट. बेसमेंटमध्ये राहती जागा केली की आग लागल्यावर थेट बाहेर पडता येईल अशी खिडकी किंवा दार लागतं, आणि झोपायच्या प्रत्येक खोलीला स्वतःची वाट लागते. याला इग्रेस म्हणतात. इथे सगळ्यांची गल्लत होते ती अशी : नियमात खिडकीच्या उघड्या भागाची किमान रुंदी २० इंच आणि किमान उंची २४ इंच दिलीय. लोक २० बाय २४ ची खिडकी आणून मोकळे होतात. पण त्याच नियमात उघडं क्षेत्रफळ ५.७ चौरस फूट हवं असंही आहे, आणि २० बाय २४ चं क्षेत्रफळ साडेतीन चौरस फूटसुद्धा भरत नाही. रुंदी २० ठेवलीत तर उंची ४१ इंचांच्या वर लागते. उंची २४ ठेवलीत तर रुंदी ३४ इंचांच्या वर. हे माप काचेचं किंवा चौकटीचं नाही, खिडकी उघडल्यावर माणूस जाईल त्या मोकळ्या जागेचं आहे. खिडकीचा तळ फरशीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको.

खिडकी जमिनीखाली असेल तर बाहेर विहिरीसारखा खड्डा, म्हणजे विंडो वेल लागते. किमान ९ चौरस फूट, भिंतीपासून ३६ इंच बाहेर आणि तेवढीच रुंद. ४४ इंचांहून खोल असेल तर कायमची शिडी. आणि त्या खड्ड्याच्या तळाला पाणी जायला ड्रेन, नाहीतर तुम्ही खिडकीबाहेर पाण्याचं टाकं बांधलंत असं समजा. खणायच्या आधी ८११ ला फोन करा, ते जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइन्स फुकट आखून देतात. पायाची भिंत कापणं हे कुणा हौशी मेव्हण्याचं काम नाही.

तपासणी : तुमच्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला त्या खिडकीतून चढून बाहेर जाता येईल का? मनातल्या मनात नको, टेपने भिंतीवर चौकट आखून खरोखर बघा.

यावरून माझं एक स्पष्ट मत, पटो न पटो. आईबाबा सहा महिन्यांसाठी येतात म्हणून त्यांची खोली बेसमेंटमध्ये काढू नका. सत्तरीतली माणसं, दुखणारे गुडघे, रात्री दोनदा उठणं, आणि तेरा-चौदा पायऱ्या. दिवसभर तुम्ही कामावर, आणि ती खाली छोट्या खिडकीतून गवताची मुळं बघत बसलेली. त्यांना वरची खोली द्या, तुमचं ऑफिस खाली न्या. काही कारणाने खालीच खोली करावी लागणार असेल, तर जिन्याला दोन्ही बाजूंना कठडा, खालीच बाथरूम, आणि रात्रभर जळणारा दिवा हे तिन्ही खर्चात पहिल्या दिवसापासून धरा.

टप्पा ४ : नकाशा, परमिट, करार

नकाशा आलेखाच्या कागदावर काढलात तरी चालतो, पण त्यावर खांब, फर्नेस, वॉटर हीटर, विजेचं पॅनेल, मुख्य नळाचा कॉक, गटाराचं क्लीनआउट (साफ करायचं तोंड) आणि प्रत्येक खिडकीचं माप हवं. न्यू जर्सीत स्वतःच्या राहत्या घराचा नकाशा घरमालक स्वतः काढून देऊ शकतो, दुसरीकडे चौकशी करा.

‘आपल्याच घरात परमिट कशाला’ हा संवाद मी शंभरदा ऐकलाय. घर विकायला काढलं की खरेदीदाराचा वकील टाउनशिपकडे कागद मागतो, आणि तिथे तुमचं बेसमेंट अजून उघडं काँक्रीट असतं. मग केलेली ड्रायवॉल इन्स्पेक्टरला आतल्या वायरी दाखवण्यासाठी फोडावी लागते.

दुसरं स्वयंपाकघर करायचा बेत असेल तर तो वेगळा विचारा. खाली शेगडी आली की बऱ्याच टाउनशिप त्याला दुसरं बिऱ्हाड धरतात आणि झोनिंगचा (कुठे किती बिऱ्हाडं चालतील या नियमांचा) प्रश्न उभा राहतो. सिंक आणि छोटा फ्रिज याला सहसा हरकत नसते.

कॉन्ट्रॅक्टर नेमणार असाल तर राज्याची नोंदणी आणि विमा बघा. न्यू जर्सीत ५०० डॉलरच्या वरच्या कामाचा करार लेखी असावा लागतो. पैसे तारखांवर देऊ नका, इन्स्पेक्शन पास होण्यावर द्या. आणि ‘परमिट तुम्हीच काढा, स्वस्त पडेल’ असं तो म्हणाला तर सावध व्हा. परमिट ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याच्यावर.

टप्पा ५ : यंत्रांना जागा सोडा, मग खोल्या पाडा

विजेच्या पॅनेलसमोर ३० इंच रुंद आणि ३६ इंच खोल जागा कायम मोकळी हवी. पॅनेल बाथरूममध्ये किंवा कपड्यांच्या कपाटात घेता येत नाही. भारतातून आलेल्या चार रिकाम्या बॅगाही तिथे रचू नका. फर्नेस आणि वॉटर हीटर दुरुस्तीला माणूस शिरेल, आणि उद्या जुनं यंत्र काढून नवं आत नेता येईल, एवढं रुंद दार ठेवा.

त्याहून महत्त्वाची हवा. गॅसवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या यंत्रांना जळायला आजूबाजूची हवा लागते. उघड्या बेसमेंटमध्ये ती भरपूर होती. तुम्ही त्यांना छोट्या खोलीत कोंडलंत की ती कमी पडते. त्यात कुणी फोडणीचा वास वर जाऊ नये म्हणून खाली जोरदार एक्झॉस्ट बसवतं. तो पंखा खोलीतली हवा इतकी खेचतो की वॉटर हीटरच्या चिमणीतून वर जायचा धूर उलटा खोलीत येतो, आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. दाराला जाळी, बाहेरून हवेचा वेगळा मार्ग, किंवा बाहेरचीच हवा घेणारी बंदिस्त यंत्रं, यांतलं काय लागेल ते मेकॅनिकलवाल्याकडून गणित करून घ्या.

बाथरूमचं बोलायचं तर घर बांधतानाच फरशीतून पाइपांची तोंडं काढून ठेवली असतील, तर तुम्ही नशीबवान. बाथरूम तिथेच करा, दोन फूट सरकवायचा हट्ट नको. नसतील तर काँक्रीट कापून पाइप टाकावे लागतात, फुटामागे पाव इंच उतार धरून. घराचं मुख्य गटार फरशीपेक्षा उंचावरून बाहेर जात असेल तर सांडपाणी वर ढकलणारा इजेक्टर पंप लागतो. बाथरूमचा पंखा बाहेरच सोडायचा, जॉइस्टमध्ये नाही.

टप्पा ६ : इन्सुलेशन, म्हणजे माझी चूक जिथे झाली ती जागा

नियम एकच लक्षात ठेवा : खोलीतली हवा थंड काँक्रीटपर्यंत पोचता कामा नये. फायबरग्लासमधून हवा आरपार जाते. ती काँक्रीटला लागते, वाफेचं पाणी होतं, फायबरग्लास ते धरून ठेवतो, आणि पुढचा प्लास्टिकचा कागद ते सुकू देत नाही. तुमच्या भिंतीत एक ओलं फडकं कायमचं टांगलेलं.

म्हणून काँक्रीटला सरळ कडक फोम बोर्ड चिकटवायचा. दोन इंची एक्सपीएस (पॉलिस्टायरीन फोमचा) बोर्ड साधारण आर-१० देतो, आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप. दक्षिण-मध्य न्यू जर्सीच्या हवामानाला बेसमेंटच्या भिंतीसाठी तेवढं पुरतं, शिकागोकडे आर-१५ लागतं. सांधे टेपने बंद, वरची आणि खालची कड फोमने सील. मग त्याच्या पुढे स्टड. स्टडच्या मध्ये आणखी काही भरायचं असेल तर मिनरल वूल (दगडापासून केलेली लोकर) भरा. प्लास्टिकचा कागद कुठेच नको.

वरती, जिथे घराचं लाकूड पायावर बसतं तो रिम जॉइस्ट विसरू नका. थंडीतला वारा तिथूनच शिरतो. फोमचे तुकडे कापून प्रत्येक खणात बसवा आणि कडा सील करा. कंटाळवाणं काम आहे. मी ते दोन शनिवार-रविवार लावून केलं, आणि त्यानंतर वरच्या स्वयंपाकघरातली लादीसुद्धा कमी गार लागायला लागली.

थांबा : फोम उघडा ठेवता येत नाही, आगीत तो भयंकर धूर करतो. त्यावर अर्धा इंची ड्रायवॉल लागते.

टप्पा ७ : लाकडी सांगाडा

काँक्रीटवर बसणारी खालची पट्टी प्रेशर ट्रीटेड (कुजू नये म्हणून औषध मुरवलेल्या) लाकडाची, आणि तिच्याखाली फोमची गॅस्केट. स्टड १६ इंचांवर. कोलोरॅडोसारख्या फुगणाऱ्या मातीच्या भागात फरशी वर-खाली होते, तिथे भिंती वरून टांगून खाली फट ठेवायची पद्धत आहे. तिथल्यांनी स्थानिक माणसालाच विचारावं.

लोखंडी खांब जागचे हलत नाहीत. त्यांनी घर पेललंय. त्यांना भिंतीत घ्या, नाहीतर लाकडात मढवा.

फायर ब्लॉकिंगवर पहिलं इन्स्पेक्शन सगळ्यात जास्त वेळा अडकतं. स्टडची भिंत आणि काँक्रीट यांच्या मधली पोकळी वरच्या जॉइस्टच्या पोकळीला जोडलेली असेल, तर ती चिमणीच झाली. भिंतीच्या माथ्यावर, आणि आडवं दर १० फुटांवर, ती लाकडाने किंवा मिनरल वूलने बंद करा.

टीव्ही, बाथरूममधले धरायचे दांडे, पडद्याच्या काठ्या, सगळ्यांसाठी स्टडमध्ये आडवे ठोकळे आत्ताच ठोका.

टप्पा ८ : वीज, हवा, अलार्म

भिंतीवरच्या कुठल्याही जागेपासून आउटलेट ६ फुटांच्या आत हवं, म्हणजे दोघांत १२ फुटांपेक्षा जास्त अंतर नको. विजेच्या नव्या कोडप्रमाणे बेसमेंटमधल्या आउटलेटना जीएफसीआय (विजेचा धक्का टाळणारं) संरक्षण लागतं, राहत्या खोल्यांना एएफसीआयसुद्धा (वायरीतल्या ठिणगीने आग लागू नये म्हणून). संप पंपाला स्वतःचं स्वतंत्र सर्किट द्या. गौरी-गणपतीच्या आराशीला जिथे दरवर्षी एक्स्टेंशनच्या वेलीवर वेली चढतात, तिथे दोन आउटलेट जास्तीचे काढा. एवढी चैन करायला हरकत नाही.

स्मोक अलार्म खाली हवा, झोपायच्या खोलीत वेगळा हवा, आणि सगळ्या घरातले एकमेकांना जोडलेले हवेत. खालचा वाजला की वरचा वाजलाच पाहिजे. झोपायच्या जागेबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म.

डक्टमधून गरम-गार हवा आणायला सगळ्यांना आठवतं. ती परत न्यायचा रिटर्न कुणाला आठवत नाही. रिटर्न नसेल तर खोली कुबट राहते आणि दार लावलं की हवा फिरतच नाही. रिटर्न फर्नेसच्या खोलीत मात्र घेऊ नका. जुनी फर्नेस एवढा भार पेलणार नसेल तर खाली स्वतंत्र मिनी-स्प्लिट (भिंतीवरचं छोटं एसी-हीटर) घेणं शहाणपणाचं. काही केलं तरी हवेतली ओल काढणारा डीह्युमिडिफायर हवाच, ५० टक्क्यांवर लावलेला, आणि त्याची नळी थेट ड्रेनमध्ये. रोज बादली ओतायचा उत्साह जुलैच्या पहिल्या आठवड्यापलीकडे टिकत नाही.

तपासणी, आणि ही चुकवू नका : ड्रायवॉल लागण्याआधी प्लंबिंग, वीज, सांगाडा आणि मग इन्सुलेशन अशी सगळी इन्स्पेक्शन्स पास झाली पाहिजेत. पास झाल्यावर प्रत्येक भिंतीचा, मेजरिंग टेप उभी धरून, फोटो काढा. पाच वर्षांनी खिळा ठोकताना पाइप कुठे आहे हे तोच फोटो सांगेल.

टप्पा ९ : ड्रायवॉल, छत, फरशी

ड्रायवॉल जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवा. बेसबोर्ड ती फट झाकतो, आणि थोडंफार पाणी आलं तरी ड्रायवॉल ते वर शोषत नाही. कागदी आवरण नसलेली ड्रायवॉल मिळते, खालच्या भागाला ती घ्या.

छताला ड्रायवॉल की ड्रॉप सीलिंग? दिसायला ड्रायवॉल छान. पण वरच्या बाथरूमचा पाइप गळला तर टाइल उचलून बघता येणं केवढं सुख आहे, हे ज्याचं छत फुटलंय त्याला विचारा. मी मधला मार्ग काढला : बसायच्या भागात ड्रायवॉल, पाइपांच्या खाली ड्रॉप. प्रत्येक व्हॉल्व्ह आणि क्लीनआउटला उघडायचं झाकण ठेवाच. छत बंद करण्यापूर्वी जॉइस्टमध्ये मिनरल वूल भरलंत तर वरच्या मिक्सरची घरघर आणि खालची कॅरोकी दोन्ही निदान सोसवतात.

फरशीला व्हिनाइल प्लँक किंवा टाइल. खरं लाकूड नको. काँक्रीटवर थेट गालिचाही नको, तो ओल धरतो आणि त्याचा वास घरभर चढतो. पाय गार लागत असतील तर खाली खळगे असलेले सबफ्लोरचे पॅनेल टाका, त्यातून हवा खेळते. १९८० च्या आधीचं घर असेल आणि जुन्या ९ इंची टाइल दिसत असतील, तर त्या उकरू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. आधी तपासून घ्या.

रंग, दिवे, बार याबद्दल मी काही सांगत नाही. त्यात तुम्ही चुकणार नाही, आणि चुकलात तरी एका रविवारात पुसता येतं.

टप्पा १० : पहिलं वर्ष

खाली दहा-पंधरा डॉलरचा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ६० च्या वर रेंगाळायला लागला तर कारण शोधा. बाहेरच्या भिंतीलगत कपाटं अगदी चिकटवू नका, मागे चार बोटं हवा खेळू द्या. तांदळाची पोती आणि गाद्यांचे गठ्ठे फरशीवर नकोत, जाळीच्या रॅकवर ठेवा. दर वसंतात संप पंपात बादलीभर पाणी ओतायचा प्रयोग पुन्हा करा. पहिल्या हिवाळ्यात रेडॉनची टेस्टही परत घ्या, भिंती आणि दारं आल्यावर आकडा बदलू शकतो.

आणि शेवटचं इन्स्पेक्शन करून परमिट बंद करून घ्या. सामान लागलं, पार्टी झाली, की हे राहूनच जातं. टाउनशिपकडून मंजुरीचं प्रमाणपत्र मिळालं की त्याची प्रत घराच्या कागदांत, आणि दुसरी पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवून ठेवा.